डब्यावर काय लिहायचं?

सात वर्षं मी मालिकांचं प्रॉडक्शन सांभाळलं. लोकेशन, बजेट, कलाकारांच्या तारखा आणि काहीही झालं तरी दिवसाला 22 मिनिटांचा एपिसोड. करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यात शूटिंग होतं, तेव्हाची गोष्ट. धार काढायची म्हणून रेडकाला दोन घोट पाजलं आणि म्हैस पान्हावल्यावर ओढून खुंटीला बांधलं. लाइट लागेपर्यंत ते दावं ताणून आईकडे बघत होतं. त्या दिवशी सेटवरचा दुधाचा चहा घशाखाली उतरला नाही. त्यानंतर मी तो घेतलेलाच नाही.

कोल्हापूरच्या गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन मोठी झालेली मी. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मटण सोडलंस ते ऱ्हाऊ दे. दूध सोडून खाणार काय गं?" तिला उत्तर द्यायचं म्हणून मी पांढऱ्या रश्शापासून सुरुवात केली.

रश्शात खोबऱ्याचं दूध, काजू, तीळ, खसखस असतंच. अडतं ते मटणाच्या अळणी पाण्यापाशी. सुकी अळंबी, भाजलेला कांदा, आलं-लसूण, दालचिनी, लवंग, मिरी असं तासभर मंद आचेवर ठेवून त्याचं पाणी काढलं. पहिल्या दोन वेळा नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी आली आणि रस्सा फुटला. आता दूध शेवटी घालते, कडेला वाफ दिसली की गॅस बंद. आईनं वाटी तोंडाला लावली आणि दुसऱ्यांदा भरून घेतली. तेवढ्यावर मी असे बिनदुधाचे पदार्थ घरी करून विकायचं ठरवलं आणि नोकरीचा राजीनामा दिला.

दह्याचं गणित वेगळं होतं. शेंगदाणे सहा तास भिजवून, वाटून, गाळून दूध उकळायचं. कोमट झालं की त्यात हिरव्या मिरचीचे सात-आठ देठ बुडवून रात्रभर झाकून ठेवायचं. पहिलं दही पातळच लागतं. त्याचं विरजण लावून केलेलं दुसरं मात्र सुरीनं कापता येईल इतकं घट्ट.

खरी परीक्षा कागदांची. वर्षाला 12 लाखांच्या आत उलाढाल, म्हणून एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, साधं रजिस्ट्रेशन तेव्हा पुरत होतं. वर्षाची फी तेव्हा 100 रुपये होती. फोटो, ओळखपत्र, स्वयंपाकघराचा पत्ता जोडून अर्ज ऑनलाइन भरला आणि उत्साहात दोन हजार लेबलं आधीच छापून घेतली: ‘शेंगदाण्याचं दही’. अर्ज दुरुस्तीसाठी परत आला. आपल्याकडच्या नियमांत दूध, दही ही नावं जनावराच्या दुधाचीच. नारळाच्या दुधाला नावाची सवलत आहे, शेंगदाण्याला नाही. 2021 मध्ये ऑनलाइन विक्रीवाल्यांनाही अशी नावं काढायला सांगितलं होतं. ही चौकशी मी छपाईआधी करायला हवी होती. शूटिंगच्या जागेची रेकी, म्हणजे आधी जाऊन पाहणी, केल्याशिवाय मी कधी युनिट हलवलं नव्हतं.

खूप वाईट वाटलं. पण विचार करताना पटलं की, गिऱ्हाइकाला खरं काय ते कळलंच पाहिजे. मी स्वतः दुकानात डबा उलटून बारीक अक्षरं वाचणारी. मग ‘आंबवलेला शेंगदाणा’ असं सरळ नाव घेतलं आणि 14 अंकी नंबर मिळाला.

व्हीगन, म्हणजे प्राणिजन्य काहीच नसलेला पदार्थ, असं सांगणाऱ्या लोगोचं प्रकरण याहून मोठं. 2022 च्या नियमांप्रमाणे त्यासाठी वेगळी मान्यता लागते. घटक तर सोडाच, प्रक्रियेत वापरलेली वस्तूसुद्धा प्राणिजन्य नको, प्राण्यांवर चाचणी नको, आणि प्रत्येक माल कुठून आला ते दाखवता आलं पाहिजे. म्हणून लक्ष्मीपुरीत मसाल्याच्या दुकानी वही घेऊन बसले. दुकानदार काका म्हणाले, "ताई, इतकी वर्षं मसाला विकतोय, पण आत काय हाय म्हणून कुणी लिहून मागितलं न्हाई." तरी त्यांनी एकेक पाकीट काढून दाखवलं, सही-शिक्का दिला.

मान्यता मिळेपर्यंत डब्यावर नुसता हिरवा ठिपका आहे. कागद तयार होत आलेत. उद्यासाठी पाच किलो शेंगदाणे आज रात्री भिजत घालायचे आहेत, आणि आई देठ खुडायला बसली आहे.