देझिरेचं बाळ

आज अमेरिकन लेखिका केट शोपँ यांची १८९३ सालची 'देझिरेज बेबी' ही कथा वाचली आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. गुलामगिरीच्या काळातलं अमेरिकेतलं लुईझियाना राज्य. आर्माँ मळ्याचा बडा मालक, देझिरे लहानपणी बेवारस सापडलेली. प्रेमाचं लग्न. बाळ तीन महिन्यांचं होतं आणि घराची हवाच पालटते. उकाड्याच्या दुपारी एक गुलाम पोरगा मोरपिसांच्या पंख्यानं बाळाला वारा घालतोय. देझिरे पोराकडे बघते, बाळाकडे बघते, पुन्हा पोराकडे: दोघं सारखेच दिसतात. तिथे पुस्तक मिटून बसले काही वेळ.

नवऱ्याला ती म्हणते, माझा हात तुझ्यापेक्षा गोरा आहे. तो म्हणतो, ला ब्लांशइतकाच. ला ब्लांश म्हणजे त्यांच्याच मळ्यावरची गोरी दिसणारी गुलाम बाई!

गोऱ्या-काळ्यांचं लग्नच तिथे तेव्हा बेकायदा, त्यामुळे तिचा वंश काळा असल्याच्या नुसत्या संशयावर बायको परकी होते. पुरुषाच्या रक्ताची चौकशी मात्र कुणीच करत नाही, याचा फार संताप आला. देझिरे बाळाला घेऊन दलदलीकडे चालत जाते, परतत नाही. मग आर्माँला आईचं जुनं पत्र सापडतं: काळा वंश तिचा, म्हणजे त्याचाच.

वाचली असेल त्यांनी सांगा, त्याला हे आधीच ठाऊक होतं का? मला तरी तसंच वाटतं.