आप्पा, जरा हसून दाखवा

सकाळी शेजारच्या आप्पांच्या हातातला चहाचा कप निसटला. काकू म्हणाल्या, "हात अंगाखाली आला असेल झोपेत." आप्पा काहीतरी बोलले, पण शब्द जिभेवरच लोळत होते. मला पक्षाघाताची (स्ट्रोकची) शंका आली. म्हटलं, "आप्पा, जरा हसून दाखवा." तोंड एकाच बाजूला गेलं. दोन्ही हात वर करायला सांगितले, तर डावा आपोआप खाली.

तोवर अर्धी वाडी पडवीत. "वारं गेलंय अंगावरून, तेल चोळा," एक जण. दुसरा कांदा फोडून उभा. तिसऱ्याने अ‍ॅस्पिरिन काढली, ती मी अक्षरशः हिसकावली. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय डॉक्टरांनाही सांगता येत नाही. रक्तस्राव असला तर तीच गोळी घात करायची. पाणीसुद्धा दिलं नाही, गिळताना ठसका लागला तर?

१०८ ला फोन केला. आमच्या गुहागरहून चिपळूण चाळीसेक किलोमीटर, त्यात ती वळणं! गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून मी सारखं घड्याळ बघत होतो.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "शेवटचे नीट कधी होते?" काकू चटकन म्हणाल्या, "सातला जास्वंदी काढून आणल्यान् ना त्यांनी!"

गुठळीच निघाली. इंजेक्शन दिलंय. संध्याकाळी आप्पांनी डाव्या हाताची बोटं हलवली. बोलणं अजून जड आहे, पण चहा मागितला म्हणे.