शेवटचा बल्ब

कोथरूडच्या त्या काकांची तक्रार फोनवर ऐकली आणि आधी वाटलं, कुठेतरी न्यूट्रल लूज असणार. "जोडीतला एक बल्ब बदलून एलईडी लावला तर दोन्ही छान लागतात. दुसराही बदलला की दोन्ही लुकलुकतात. दुसरा बल्ब पहिल्याला बिघडवतो का रे?" दुकानदाराने बल्ब बदलून दिले होते, वर "लॉट खराब असेल" असं ठोकूनही दिलं होतं. आमच्या इलेक्ट्रिशियनच्या धंद्यात कारण सापडलं नाही की लॉट खराब निघतो.

हॉलच्या पीओपीत जोडीजोडीने छोटे हॅलोजन, एमआर-१६. मागे दोन बारीक पिना. हे १२ व्होल्टवर चालतात हे घरमालकाला बहुधा ठाऊकच नसतं. २०१५ च्या उजाला योजनेपासून लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, जुना बल्ब काढा, एलईडी अडकवा, झालं. साध्या होल्डरला खरंच तेवढंच असतं. इथे मात्र सीलिंगच्या वर २३० व्होल्टचे १२ करणारा एक ट्रान्सफॉर्मर दडलेला असतो.

त्याच्यापर्यंत पोहोचणं हेच खरं काम. इंटिरियरवाल्यांना छताला एक झाकण ठेवायला काय होतं कोण जाणे! फिटिंगच्या स्प्रिंगा दाबून ती खाली ओढली, भोकात बोटं घालून वायर चाचपत ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला. लेबलवर धूळ पुसल्यावर दिसलं, ३५ ते १०५ वॅट. अख्खं उत्तर त्या ३५ मध्ये होतं. हे इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर पुढे पुरेसा लोड, म्हणजे बल्बांचे मिळून किमान तेवढे वॅट, असेल तरच धड चालतात. ५० चे दोन हॅलोजन म्हणजे १००, ठीक. एक हॅलोजन आणि ६ वॅटचा एक एलईडी म्हणजे ५६, तेही ठीक. दोन्ही एलईडी लावले की १२. मग तो सुरू होतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. बल्बांचा काही दोष नाही. व्होल्टेज मोजायचा मीटर लावून हे कळत नाही, कारण पुढे हजारो हर्ट्झचा करंट असतो आणि साधा मीटर तिथे काहीबाही आकडा दाखवतो. लेबल वाचावं लागतं, आणि आमच्यातले निम्मे तेच वाचत नाहीत.

मी म्हटलं, ट्रान्सफॉर्मर काढून कमी लोडवरही चालणारे, एलईडीचे १२ व्होल्टचे ड्रायव्हर टाकू, नाहीतर ट्रान्सफॉर्मरशिवाय थेट २३० व्होल्टवर चालणारे जीयू-१० होल्डर आणि बल्ब बसवू. खर्च ऐकून काका जरा वेळ गप्प बसले.

"म्हणजे प्रत्येक जोडीत एक हॅलोजन राहू दिला तर काहीच करायला नको?"

खरंच नको. १०० वॅटचे ५६ होतात आणि लुकलुकही थांबते. मला काय बोलावं सुचेना. मग होल्डर काढून दाखवला. १२ व्होल्टवर ५० वॅट म्हणजे चार अँपिअरच्या वर करंट, पिन जराशी सैल झाली की तिथेच तापते. सिरॅमिक काळं पडलं होतं, वायरचं कव्हर नख लावताच पापडासारखं तुटलं.

"इतकी वर्षं चाललंय की!"

काळे पडलेले होल्डर मात्र बदलू दिले, आणि पैशाला घासाघीस केली नाही. बाकी सगळं त्यांच्या मनासारखं. काकू आतून म्हणाल्या, "एक पिवळा, एक पांढराफटक! पाहुणे काय म्हणतील?" त्यावर काकांनी वॉर्म व्हाइट आणायचं कबूल केलं.

परवा त्याच सोसायटीतून दुसरा फोन आला. "काका म्हणाले एक हॅलोजन ठेवला की चालतं, तसंच करून द्या." त्यांच्याकडे एकेका बल्बला वेगळा ट्रान्सफॉर्मर असेल तर ही युक्ती चालणारच नाही. पण जोड्या निघाल्या तर? चालणाऱ्या गोष्टीला नाही कसं म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आधी होल्डर बघतो, एवढंच सांगून ठेवलंय.