एअर रायफल दुरुस्ती: तिसरा महिना आणि एक बिघडलेला स्क्रू

मागच्या वेळी वॉशर बदलल्याचे फोटो टाकले, तर दोघांनी विचारलं, "गनस्मिथचा बोर्ड कधी लावतोस?" मंडळी, आवरा. माझी रायफल ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली, म्हणजे बिनपरवान्याची. खऱ्या बंदुकीचं तसं नाही. शस्त्र कायदा १९५९, कलम ५. बनवणं आणि विकणं ज्या ओळीत आहे, त्याच ओळीत रिपेअरही आहे. तुमच्याकडे बंदूक बाळगायचा परवाना असला, तरी दुसऱ्याची बंदूक दुरुस्त करायला वेगळा परवाना लागतो. तो नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर (कायद्यातही दुरुस्तीच!) किमान ७ वर्षं आत.

हे झालं कागदाचं. हाताचं काय? औंध आयटीआयचा २ वर्षांचा फिटर कोर्स नोकरी सांभाळून मला जमणारा नाही. म्हणून खडकीच्या कारखान्यातून रिटायर झालेल्या एका फिटर काकांच्या मागे लागलो. त्यांनी रायफल बाजूला ठेवली आणि पोलादाचा एक तुकडा शेगड्यात (टेबलाच्या व्हाइसमध्ये) आवळून दिला. म्हणाले, "चौकोनी कर." पाच आठवडे कानस! गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून तुकडा उजेडाकडे धरायचा. खालून प्रकाशाची रेघ दिसली की पुन्हा घासायचं. माझी रेघ कायम उजव्या टोकाला. काका म्हणाले, "पुढे जाताना खांदा पाडतोस."

आता कबुली. चापाच्या गार्डचा स्क्रू मी घरातल्या पेचकसाने सोडवायला गेलो. साध्या पेचकसाचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं, जोर दिला की खाचेतून वर सरकतं. तेच झालं. खाचेचा एक काठ उडाला, आणि गार्डवर दोन सेंटिमीटरचा ओरखडा. बंदुकीच्या कामाच्या पेचकसाचं टोक समांतर घासलेलं असतं, खाचेत पार तळापर्यंत घट्ट बसतं. काकांनी माझ्याच जुन्या पेचकसाचं टोक तसं घासून दिलं. ओरखड्यावर चकार शब्द नाही, ते जास्त लागलं.

स्प्रिंगला मात्र मी अजून हात लावलेला नाही. ती दाबून धरणारा क्लॅम्प तयार झाल्याशिवाय मागची पिन काढायची नाही, हे काकांनी दोनदा बजावलंय.

रविवारी मुळशीकडच्या शेतात, मातीच्या ढिगासमोर, १० मीटरवरून पाच छर्रे मारले. चार छिद्रं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. पाचवं बरंच खाली. काकांच्या मते ते रायफलचं नव्हे, माझं.