नळीच्या वाटेचा ट्रॅक जमला, पण फोनने मधेच घात केला

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेचा (अरुंद घळीतून चढणारी वाट) जीपीएस ट्रॅक, म्हणजे चालल्याची नोंदलेली रेघ, एकदाचा नळीतच आला! मागच्या वेळच्या ट्रॅकचा स्क्रीनशॉट टाकला होता, पायथ्याच्या बेलपाड्याहून कोकणकड्याकडे चढताना आपण नळीत आणि रेघ शेजारच्या कातळावर उड्या मारतेय. दोन्हीकडे कडे, वर आकाशाची नुसती पट्टी, त्यात उपग्रहाचा सिग्नल कातळावर आपटून उशिरा पोचतो आणि रिसीव्हर तेवढं अंतर जास्त धरतो. यावेळी एल१ + एल५ वाला, म्हणजे जीपीएसच्या दोन फ्रिक्वेन्सी पकडणारा फोन नेला. एल५ चा कोड एल१ च्या १० पट वेगाचा, म्हणून थेट आलेला आणि आपटून आलेला सिग्नल त्याला बराच वेगळा काढता येतो. जीपीएसटेस्ट हे उपग्रह दाखवणारं ॲप उघडलं तर आपल्या नाविकचे (भारताची स्वतःची जीपीएससारखी यंत्रणा) उपग्रह पण दिसले, भारी वाटलं राव. सोबतचं हँडहेल्ड (हातात धरायचं जीपीएस यंत्र) फक्त एल१ वालं, त्याची रेघ परत कड्यावर.

पण खरा वैताग पुढेच. पहिल्या कातळटप्प्याच्या वर फोनच्या ट्रॅकमध्ये लांबलचक सरळ रेघ, मधले पॉइंटच गायब. हे सिग्नलचं काम वाटलं नाही, सिग्नल खराब असला की रेघ सहसा वेडीवाकडी होते. ट्रॅकची जीपीएक्स फाइल उघडून प्रत्येक पॉइंटची वेळ बघितली तर स्क्रीन बंद झाल्यावर थोड्या वेळात लॉगिंग बंद, आणि फोटोसाठी फोन उघडला तिथून परत सुरू. म्हणजे बॅटरी वाचवायच्या नावाखाली फोनच ॲप मारतोय! ॲपला बॅटरी अनरिस्ट्रिक्टेड (बॅटरी वापरायची पूर्ण मोकळीक) होती, रीसेंट्समध्ये, म्हणजे अलीकडच्या ॲप्सच्या यादीत, लॉक पण केलेलं, तरीही. शेवटी ऑटोस्टार्टची (ॲपला आपोआप सुरू होऊ देणारी) सेटिंग कुठल्या कुठे दडवलेली सापडली, ती चालू करून फोन रात्रभर खिडकीत ठेवला, सकाळी ट्रॅकमध्ये एकही गॅप नाही. असली लपवाछपवी कंपन्यांनी बंद करायला पाहिजे, रानात माणूस त्या रेघेच्या भरवशावर परत फिरतो.

हँडहेल्डला हा ताप नाही, दोन एए सेल टाका आणि विसरा, बटणं ओल्या हातानेही चालतात. म्हणून पुढचा प्लॅन मल्टीबँड (एल१ + एल५ वालं) हँडहेल्ड घ्यायचा होता, पण हे लिहिता लिहिताच सुचलं, की नळीत आपण सतत वरच चढतो, मग नुसती उंची कळली तरी नकाशावर आपण कुठे आहोत ते कळतं! हँडहेल्डमध्ये हवेच्या दाबावरून उंची सांगणारा बॅरोमीटर आहेच. बेलपाड्यात गावाच्या उंचीवर कॅलिब्रेट करायचं आणि नळीत ठिपक्याऐवजी नकाशावरचे कंटूर (समान उंचीच्या रेषा) बघायचे. हवा बदलली की आकडा सरकतो, त्यामुळे वाटेत एखाद्या पक्क्या जागेची उंची परत टाकावी लागेल. तेव्हा खरेदी सध्या रद्द, पाऊस संपला की आधी हे करून बघतो. बेलपाड्याहूनच वर जाणाऱ्या साधले घाटाचा एल५ वाला ट्रॅक कोणाकडे असेल तर टाका रे.