अस्वल किती जवळ आलं होतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी स्वालबार्डला जाऊन आलो. चवथीला माटोळी (गणपतीवर टांगलेलं फळा-फुलांचं छत) बघायला येणाऱ्यांत त्याचा विषय निघाला की हाच प्रश्न येतो. तर, अस्वल जवळ आलं नाही. आलं असतं तर आमच्या कप्तानाने जहाज मागे घेतलं असतं.

नॉर्वेच्या उत्तरेच्या या बेटांवर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे : पांढऱ्या अस्वलापासून निदान ३०० मीटर लांब राहायचं, १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर. आम्ही जुलैअखेरीस होतो, म्हणजे ३००. दुर्बिणीतून बर्फाच्या कडेने चाललेला पिवळट ठिपका दिसला. पिवळटच, कारण बर्फाशेजारी अस्वल काही पांढरंशुभ्र दिसत नाही. त्याने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझं समाधान झालं, शेजारच्या गृहस्थांचं नाही. पैसे मोजले की प्राण्याने तोंड दाखवलंच पाहिजे, असा त्यांचा हिशोब.

खरा दिवस गेला तो आल्केफ्येलेट नावाच्या कड्याखाली. सकाळी आम्ही रबरी बोटींत उतरलो. जहाज लहान, त्यामुळे पाळ्या लावत ताटकळायला लागलं नाही. हिनलोपेन सामुद्रधुनीतून सरळ वर गेलेले काळे खडक आणि त्यांच्या प्रत्येक कपारीत खांद्याला खांदा लावून बसलेले ब्रुनिख गिलिमॉट. हे पक्षी घरटं बांधतच नाहीत, अंडं थेट दगडावर घालतात. वास म्हणाल तर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेली, सुकी सुंगटं (कोळंबी) आठवा आणि त्याला हजाराने गुणा. नावाडी बोट अगदी हळू नेत होता. मोठा आवाज झाला की पक्षी एकदम उठतात आणि त्या धांदलीत अंडी, पिल्लं खाली पडतात. पण पिल्लं स्वतःहूनही उडी मारतात! जेमतेम तीन आठवड्यांचं, धड उडताही न येणारं पिल्लू कड्यावरून समुद्रात झेपावतं. बाप त्याच्या सोबत जातो आणि पुढे पाण्यावर तोच त्याला सांभाळतो. नेम चुकून काठावर पडलेल्यांसाठी कोल्हे खाली टपलेलेच असतात. बोटीतल्या एक आजी दर उडीला हात जोडत होत्या.

दुपारी वॉलरस. एकमेकांवर रेलून झोपलेले, मध्येच सुळ्यांनी शेजाऱ्याला ढोसणारे. शिकाऱ्यांनी तिथले जवळजवळ संपवलेच होते, १९५२ साली संरक्षण मिळालं आणि आता ते पुन्हा वाढताहेत.

(स्वालबार्डमधल्याच न्यू-ओलेसुंद या वस्तीत आपलं, भारताचं ‘हिमाद्री’ संशोधन केंद्र आहे, २००८ पासून. त्याचा कारभार आमच्या गोव्यातल्या, वास्कोच्या सड्यावरून चालतो, हे सांगितलं की बरेच गोंयकार माझ्याकडे संशयाने पाहतात.)

आता इकडचं, गोव्यातलं. आग्वाद किल्ल्याच्या समोर समुद्रात डॉल्फिनच्या पाठीवरचं उंचवट्यासारखं कुबड वर आलं की चारी बाजूंनी बोटी त्याच्यावर धावतात. दोष एकट्या बोटवाल्यांना कसा देऊ? डॉल्फिन दाखवला नाही तर पैसे नाहीत, असा सौदा करून गिऱ्हाईक बोटीत बसतं. त्याला जवळूनच बघायचं असतं. अंतर किती ठेवायचं ते आधीच ठरलेलं असलं, तर बोटवाल्याला त्याच्याशी हुज्जत घालावी लागणार नाही.

जाणार असाल तर मोठ्या कॅमेऱ्याआधी बरी दुर्बीण घ्या. गमबूट आमच्या जहाजावर मिळाले होते. तुमच्या जहाजावर मिळतात का, ते निघण्याआधी विचारून घ्या.