फुल थ्रॉटल, बावन्नावा टँक आणि अंडाकृती झालेला बुश

रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या माझ्या छोट्या इंधन-गाड्यांच्या दोन सारख्या इंजिनांची झीज मी ताडून पाहतो आहे; त्यांपैकी सलग फुल थ्रॉटल (पूर्ण उघडा कार्बोरेटर) सोसणारे 'ब' इंजिन अखेर बसले. लांब सरळ पट्ट्याच्या शेवटच्या टप्प्यात आवाज एकदम पातळ झाला, गाडी घरंगळत थांबली आणि पुन्हा सुरू केल्यावर क्रँककेसमधून जो खडखडाट ऐकू आला, तो ऐकून मी लगेच हवेचे तोंड बोटाने दाबून इंजिन बंद केले. हा त्याचा बावन्नावा टँक होता, म्हणजे दर टँकला १२५ सीसीच्या हिशेबाने साडेसहा लिटर इंधन. त्याच मॉडेलचे, एकाच दिवशी ब्रेक-इन (नव्या इंजिनाची सुरुवातीची सावकाश चालवणी) सुरू केलेले 'अ' इंजिन आखूड, वळणावळणाच्या ट्रॅकवर नऊ लिटर पार करूनही शांतपणे आयडल होत आहे. मागच्या नोंदीत मी 'दोन्ही इंजिनांत अजून काही फरक दिसत नाही' असे लिहिले होते. ते विधान मागे घेतो.

बॅकप्लेट काढल्यावर दोष शोधावा लागला नाही. पिस्टन टीडीसीला (त्याच्या सर्वांत वरच्या जागी) धरून डायल गेजने पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या रॉडचा खेळ (सैलपणा) मोजला, तर 'ब'मध्ये तो ०.१८ मिमी भरला, 'अ'मध्ये ०.०५ मिमी आहे. रॉडच्या खालच्या टोकाचा, क्रँकपिनवर फिरणारा कांस्याचा बुश (कडे) उघड्या डोळ्यांना अंडाकृती दिसतो, क्रँकपिनवर करपलेल्या तेलाचा तपकिरी पट्टा आहे आणि मिश्रण पेटवणाऱ्या ग्लो प्लगची तार पांढुरकी पडून तिच्यावर बारीक धातूचे कण चिकटले आहेत. मला खरे आश्चर्य मात्र पिंचचे, म्हणजे माथ्याजवळ स्लीव्हने (सिलिंडरच्या अस्तराने) पिस्टनला धरलेल्या पकडीचे वाटले. 'ब'मध्ये पिस्टन अजूनही माथ्यापासून सुमारे २ मिमी खाली स्लीव्हमध्ये घट्ट धरतो, तर 'अ'ची पकड त्याहून ढिली आहे. 'अ'ने धूळ जास्त खाल्ली आणि गार अवस्थेतून ते जास्त वेळा सुरू झाले, हे त्याचे कारण असावे. (सुरू करण्यापूर्वी ड्रायरने हेड गरम करण्याची सवय मला उशिरा लागली, आणि तिची किंमत 'अ'ने मोजली.) सलग फुल थ्रॉटलने आधी पिस्टन-स्लीव्हची जोडी जाईल, हा माझा सुरुवातीचा अंदाज होता. प्रत्यक्षात आधी खालचे टोक गेले. दोन इंजिनांवरून नियम सिद्ध होत नाही, हे मान्य करूनच पुढचे वाचावे.

आकडेमोड करून पाहिली तर हे फारसे विचित्र वाटत नाही. ३.५ सीसी इंजिनाचा स्ट्रोक १६ मिमी धरला आणि क्रँक ३५,००० आरपीएमने फिरत असला, तर पिस्टनवरचे कमाल त्वरण गुरुत्वाच्या सुमारे ११,००० पट होते, आणि तेही रॉडच्या तिरपेपणामुळे पडणारी भर न धरता. पिस्टन आणि पिन मिळून ५ ग्रॅम धरले, तरी रॉडला प्रत्येक फेऱ्यात सुमारे ५५ किलोग्रॅम वजनाइतका ओढा सोसावा लागतो. हा ओढा आरपीएमच्या वर्गाने वाढतो. ४०,००० ला तो ३० टक्क्यांनी जास्त होतो. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला ज्वलन होत असल्यामुळे टीडीसीला वायूचा दाब हा ओढा बराचसा तोलून धरतो. पट्ट्याच्या टोकाला आपण बोट सोडतो, तेव्हा कार्बोरेटर बंद होतो, दाब नाहीसा होतो, वेग मात्र क्षणभर तसाच राहतो, आणि इंधनाबरोबर येणारे तेलही त्याच क्षणी आटते. चाके हवेत असताना थ्रॉटल धरून ठेवणे जितके वाईट, तितकेच हे वाईट आहे, असे माझे मत बनले आहे. गो-कार्ट चालवणारे जुने लोक सरळ पट्ट्याच्या शेवटी हात मागे नेऊन कार्बोरेटरचे तोंड अर्धवट झाकत असत, ते मिश्रण रिच (इंधन जास्त) करून क्रँकला तेल पाजण्यासाठीच. आपल्याला तो हात नाही.

आता मूळ डोकेदुखीकडे येतो, कारण गेले तीन आठवडे तिनेच खाल्ले. 'ब' इंजिन मरण्यापूर्वी नऊ वेळा फ्लेमआउट झाले (चालता चालता विझले) होते, तेही नेहमी टँक अर्धा झाल्यावर आणि नेहमी पट्ट्याच्या शेवटच्या तृतीयांशात. पिटमध्ये आणल्यावर टेम्प गन (दुरून हेडचे तापमान मोजणारे यंत्र) १०५ ते १०८ अंश सेल्सिअस दाखवत असे, म्हणून मी लीनचा (मिश्रणात इंधन कमी पडण्याचा) संशय झटकून टाकला आणि दोष प्लगवर ढकलला. दोन नवे प्लग गेले. मग हेडखाली ०.१ मिमीची एक शिम (पातळ चकती) वाढवून पाहिली. मग हाय-स्पीड नीडल (पूर्ण वेगाला किती इंधन जाईल ते ठरवणारा स्क्रू) अष्टमांश फेरा उघडली, तेव्हा पट्ट्याचा पहिला भाग गुरगुरत जाऊ लागला आणि शेवटी इंजिन तरीही विझले. पिटमध्ये येईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात हेड गार होते, शिवाय चकचकीत ॲल्युमिनियमवर या गनचा भरवसा मुळातच कमी. त्या आकड्यावर विसंबून मी एक रॉड गमावला. ही गन मी आता केवळ ड्रायरची उष्णता पाहायला वापरतो.

गुंता सुटला तो दोन साध्या गोष्टींनी. एका मित्राला पट्ट्याच्या कडेला उभे करून फक्त धूर पाहायला सांगितले. त्याचे उत्तर असे होते: "दोन तृतीयांशापर्यंत धुराची रेघ आहे, पुढे काहीच नाही." दुसरे म्हणजे, धडधाकट 'अ' इंजिन 'ब'च्या चॅसिसवर बसवले, आणि तिसऱ्या फेरीत तेही त्याच जागी विझले. म्हणजे दोष इंजिनाचा नव्हता, इंधन पोचवणाऱ्या वाटेचा होता. आखूड ट्रॅकवर थ्रॉटल एक-दोन सेकंद उघडतो आणि मिटतो, त्यामुळे अपुरा पुरवठा झाकून जातो; सलग चार-पाच सेकंद पूर्ण उघडा ठेवला की तोच पुरवठा उघडा पडतो.

टँक काढून, वाटा बंद करून, पाण्यात बुडवून सिरिंजने दाब दिला, तर एकही बुडबुडा आला नाही. झाकणाची ओ-रिंग बदलली, टँकमधला फिल्टर बदलला, इंधनाची नळी बदलली. परिस्थिती जैसे थे. दोन संध्याकाळी याच पाण्याच्या भांड्यासमोर गेल्या. शेवटी वैतागून, पाइप गरम असतानाच प्रेशर लाइनला (एक्झॉस्ट पाइपमधून टँकला दाब देणाऱ्या नळीला) हात लावला, तर निपलवरचे तिचे टोक सैल होऊन सहज फिरू लागले. गार असताना घट्ट बसणारी ती सिलिकॉनची नळी पाइप तापला की ढिली पडत होती, टँकमधला दाब तिथून निसटत होता, आणि टँक अर्धा झाल्यावर इंधनाची पातळीही मदतीला नसल्यामुळे मिश्रण लीन होत होते. पाण्यातली चाचणी अर्थातच गार नळीवर झाली होती. टोकाचे १० मिमी कापून टाकले, नळी पुन्हा चढवली आणि बारीक तारेची कडी घातली. त्यानंतर 'अ'वर सलग सहा टँक एकही फ्लेमआउट झालेला नाही, धुराची रेघ पट्ट्याच्या टोकापर्यंत दिसते, आणि ती पाहताना जो आनंद झाला तो एखादी शर्यत जिंकल्याहून कमी नव्हता. ही नळी मी स्वस्त मिळाली म्हणून गुंडाळीने घेतली होती. उरलेली गुंडाळी आता आफ्टर-रन ऑइल (चालवून झाल्यावर इंजिनात घालायचे तेल) ओतण्याच्याच कामाची.

आपल्या इंजिनात तेल वेगळे येत नाही. १० टक्के तेलाच्या इंधनात एका टँकभर चालण्यासाठी सगळे मिळून साडेबारा सीसी तेल असते, आणि मिश्रण लीन झाले की मिथेनॉलच्या बाष्पीभवनाने मिळणारा गारवा आणि हे तेल, दोन्ही एकदमच घटतात. त्यामुळे 'ब'चा रॉड फुल थ्रॉटलने खाल्ला की लीन मिश्रणाने, हे मला आज वेगळे करता येत नाही, आणि माझी आधीची तुलना त्या प्रमाणात गढूळ झाली आहे.

'ब'मध्ये नवा रॉड, नवी पिन आणि ती धरणाऱ्या नव्या क्लिपा घातल्या. तेलाच्या छिद्राची बाजू चुकू नये म्हणून जुना रॉड काढण्याआधीच त्यावर खूण करून ठेवली होती. क्रँकपिन मायक्रोमीटरने चारी बाजूंनी मोजली, ती सुदैवाने गोल आहे. क्लिप बसवताना एक उडाली आणि पुन्हा सापडली नाही. म्हणून क्लिपा नेहमी चार मागवाव्यात.

पुढची योजना १३ दातांच्या क्लच बेलऐवजी (इंजिनाचा जोर गिअरकडे नेणाऱ्या दातेरी चाकाऐवजी) १४ दातांची घालण्याची होती. तेवढ्याच टॉप स्पीडला आरपीएम सुमारे ७ टक्के उतरतात आणि वर्गाच्या हिशेबाने रॉडवरचा ओढा १४ टक्के. परंतु गिअर जड केल्यास वळणातून निघताना क्लच जास्त घसरेल आणि तिथली उष्णता इंजिनाकडेच येईल, म्हणजे एका वेळी दोन गोष्टी बदलतील. ट्रान्समीटरमध्ये थ्रॉटल सावकाश मिटण्याची सोय वापरावी, असाही मोह झाला. पण ब्रेक उशिरा लागेल हे ध्यानात येताच तो विचार सोडला. हे लिहिता लिहिता अधिक स्वच्छ मार्ग सुचतो आहे: १३ दातच ठेवायचे, दोन्ही इंजिने आलटून पालटून याच चॅसिसवर, याच पट्ट्यावर चालवायची, 'अ'चा थ्रॉटल नेहमीसारखा एकदम सोडायचा आणि 'ब'चा टोकाच्या दहा-बारा मीटर आधीपासून उतरवत आणायचा, आणि दर लिटरला बॅकप्लेट काढून खेळ मोजायचा. तुलना बरोबरीची व्हावी म्हणून 'अ'लाही नवा रॉड घालावा लागेल. तो मागवला आहे, चार क्लिपांसकट. फ्लायव्हीलवरचा आरपीएम सेन्सर आणि हेडला लावायचा टेलिमेट्रीचा उष्णता सेन्सर याच आठवड्यात बसवतो, म्हणजे पट्ट्याच्या शेवटी नेमके काय होते ते पिटमध्ये येण्याआधीच कळेल.